नापास गाणी

१ जानेवारी १९६१, रविवार

तारांचा पुरवठा करणाऱ्या कंपनीने कारखान्यात सगळ्यांना रोजनिशा वाटल्या. आमच्या विभागातला नागोजी म्हणाला, मी माझ्या पुतणीला चित्रं काढायला देतो. मी ठरवलं, आपण लिहायची. चाळिशी आली, कुठेतरी मन मोकळं केलेलं बरं. घरात बोलायची सोय नाही, कारण घरात सदासर्वकाळ गाणं चालू असतं.

आत्ताही चालू आहे. शालन स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कोथिंबीर चिरते आहे आणि गाते आहे, "सांज की मैना, धीरे चल, कोथिंबीर राह में है." मूळ गाणं असं आहे: साँझ की नैया, धीरे चल, कोई अब भी राह में है. संध्याकाळची नाव आहे, कुणीतरी अजून वाटेत आहे, त्याच्यासाठी नावेने हळू जायचं आहे. चांगला अर्थ आहे. मी हा अर्थ बायकोला किती वेळा समजावला असेल याला गणतीच नाही. ती म्हणते, "अहो, भाजीवाला यायचाय अजून, म्हणून ती मैनेला थांब म्हणतेय. बसतंय की सगळं."

मैना आणि भाजीवाला. लग्नाला अकरा वर्षं झाली, अजून हेच ऐकतो आहे. आमची नयनाही आता तेच म्हणायला लागली. आठ वर्षांची पोर, तिला काय कळणार. नव्या वर्षाचा संकल्प म्हणून दोघींना सुधारायचं ठरवलं आहे. शालन म्हणाली, आधी पोहे खा, निवतायत.

११ जानेवारी, बुधवार

बुधवारी संध्याकाळी आमच्या क्वार्टरमध्ये बायकांची शाळा भरते. सिलोन रेडिओवर त्या आठवड्याची गाजलेली गाणी लागतात. शालन, नयना आणि शेजारच्या अंबूबाई अशा तिघी रेडिओपुढे पाट्या घेऊन बसतात. गाणं एकदाच वाजणार, एकटीने सगळं टिपणं शक्य नाही, म्हणून वाटणी केलेली आहे. पहिली ओळ शालनने लिहायची, दुसरी नयनाने, तिसरी अंबूबाईंनी, चौथी पुन्हा शालनने. गाणं संपलं की तिघींच्या ओळी जोडायच्या. झालं गाणं तयार.

आता यात किती भानगडी आहेत ते बघा. सिलोन म्हणजे समुद्रापलीकडून येणारा आवाज, तो मधेच बुडतो, मधेच वर येतो. के. आर. पुरमच्या स्टेशनात गाडीने शिट्टी मारली की एक ओळ गेलीच. आणि हिंदी यांतल्या एकीलाही धड येत नाही. शालन साताऱ्याची. अंबूबाईंचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळुरात आलेलं, त्यांचं मराठीच निम्मं कानडी आहे. आणि नयना शाळेत इंग्रजी शिकते. आजच्या गाण्यात मूळ ओळ होती, पूछे जो कोई, कह देना, लौट आएँगे हम. पाटीवर आली ती अशी: पुच्छे जो कोई, कहे देना, लोटा आणेंगे हम.

मी विचारलं, परगावी निघालेला माणूस लोटा कशाला आणील? शालन म्हणाली, "परत यायचं तर रिकाम्या हाताने कसा येईल? तुम्ही नाही का, मद्रासहून येताना डबा आणलात." अंबूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

यातली खरी गंमत अशी की ऐकणं हा माझा धंदा आहे. टेलिफोनच्या कारखान्यात मी चाचणी विभागात आहे. आमच्याकडे एका बंद खोलीत एक जण फोनवर काही अक्षरं वाचतो. गप, टिम, सोक, असली. दुसऱ्या खोलीत दुसरा ती फोनला कान लावून लिहितो. चुका फार आल्या तर तो फोन नापास, सरळ भंगारात. अक्षरं मुद्दाम बिनअर्थाची घेतात. कारण अर्थ असला की कान लबाडी करतो. जे ऐकायची सवय आहे तेच तो ऐकतो, प्रत्यक्षात काहीही येवो. माझा कान विभागात सगळ्यांत पक्का समजला जातो. आणि माझ्याच घरात लोटा.

२ फेब्रुवारी, गुरुवार

अंबूबाई आज दारात म्हणाल्या, "रत्नाकरअण्णा, शालनचा आवाज स्वल्प बसलाय हो. काल गाताना मला वेगळाच वाटला." मला तर काही वाटलं नाही. रोज ऐकतो, मला कळलं नसतं का? मिरच्यांची फोडणी आणि थंडी, दुसरं काय असणार. ज्येष्ठमध आणून दिलं.

२६ फेब्रुवारी, रविवार

माझ्या संकल्पाला थोडं यश आलं म्हणायचं. शालन हल्ली हळू आवाजात गाते. पूर्वी चौथ्या क्वार्टरपर्यंत ऐकू जायचं, मला लाज वाटायची. वरची पट्टी तर ती घेतच नाही, तिथे नुसतं गुणगुणते. नयनाने तक्रार केली, आई तो उंचावरचा भाग गाळते. मी म्हटलं, गाळू दे, तेवढ्याच चुका कमी.

आज शहरात गेलो होतो. थिएटरच्या बाहेर सिनेमाच्या गाण्यांच्या छापील चोपड्या विकतात, त्यांतल्या दोन घेऊन आलो. आता वादाला जागाच नाही. सगळं छापील आहे. शालनने चोपडी उघडली, मैनेचं पान वाचलं आणि मिटून ठेवली. म्हणाली, "ह्यापेक्षा आपलं बरंय."

१९ मार्च, रविवार

शालनला गिळताना टोचतं म्हणाली. कॉलनीतल्या दवाखान्यात गेली होती, गुळण्या करायला सांगितल्या. गेला महिनाभर टोचतं आहे आणि मला आज सांगते. मी चिडलो. तर म्हणे, तुम्ही चिडता म्हणूनच नाही सांगितलं. हे बरं आहे.

बुधवारची शाळा चालू आहे. पण आता चाल नयना लावते आणि शालन नुसती मान हलवते.

१८ एप्रिल, मंगळवार

शहरातल्या मोठ्या इस्पितळात दुसऱ्यांदा गेलो. डॉक्टरांनी शालनच्या घशात आरसा घालून पाहिलं. मग तिला बाहेर बसवून मला आत बोलावलं. स्वरयंत्रावर गाठ आहे. साधी नाही. मागच्या आठवड्यात तुकडा काढून तपासला होता, त्याचं उत्तर आलं आहे. त्यांनी विचारलं, आवाज कधीपासून बदलला? मी म्हटलं, बदललेला नाही. ते म्हणाले, "मिस्टर, बाई घोगऱ्या बोलतात. निदान चार-पाच महिने तरी बोलत असणार."

बाहेर आलो. शालन बाकावर बसून शेजारच्या बाईशी बोलत होती. मी थोडा लांबच थांबलो आणि अनोळखी माणसाने ऐकावं तसं ऐकलं. घोगरा, फाटलेला आवाज होता. हा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला. मग इतके दिवस मी घरात काय ऐकत होतो?

२० एप्रिल, गुरुवार

आज तिला सगळं सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात. गळ्याला भोक ठेवतील, श्वास तिथूनच घ्यायचा. बोलता येणार नाही. पुढेही नाही. ऑपरेशन सोळा मेला.

बराच वेळ ती परातीतलं पीठ मळत राहिली. मग विचारलं, "जेवता येईल ना?" मी म्हटलं, हो, काही दिवसांनी येईल. "नयनाला हाक कशी मारायची मग?" मी म्हटलं, घंटा आणू. काय बोलून गेलो मी. ती हसली, आणि हसताना ठसका लागला.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

२३ एप्रिल, रविवार

रात्रंदिवस डोक्यात एकच विचार आहे. सोळा मेनंतर हा आवाज जगात कुठेच असणार नाही. नयना मोठी होईल आणि आईचा आवाज तिला आठवणार नाही. मला तरी आठवेल का? माझ्या कानाचा भरवसा मला आता उरलेला नाही.

आणि मग सुचलं. आमच्या विभागात आवाज टिपायचं परदेशी यंत्र आहे, मोठ्या रिळांचं. नागोजीच्या ताब्यात असतं. नागोजी माझ्याच हुद्द्याचा, अंबूबाईंसारखाच इथल्या जुन्या मराठ्यांपैकी. त्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तो नुसतं कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत ऐकत होता. साहेबांची परवानगी तो काढणार आहे. पुढच्या रविवारी कारखाना बंद असतो, चाचणीची शांत खोली रिकामी असते. तिथे शालनला न्यायचं.

शालन आधी नको म्हणाली. म्हणे, हा असला फाटका आवाज काय ठेवायचा. मी म्हटलं, नयनासाठी. मग तयार झाली. मी गाणी निवडली. मैनेचं, लोट्याचं आणि एक अंगाईसारखं आहे ते. छापील चोपडीतून तिन्ही मोठ्या अक्षरांत लिहून काढली. एवढी कायमची ठेवायची गोष्ट, ती बरोबर नको का?

३० एप्रिल, रविवार

शालन हिरवं लुगडं नेसली होती. शांत खोलीत भिंतींना जाड गाद्या लावलेल्या आहेत, आत शिरलं की आपला श्वाससुद्धा जवळ वाटतो. तिला भीती वाटली. मी समोर बसलो, नागोजीने यंत्र लावलं, खूण केली. तिने माझा कागद हातात धरला आणि सुरुवात केली, "सांज की मैना".

मी थांब म्हटलं. नैया, नैया. पुन्हा लावलं. या वेळी नैया बरोबर म्हणाली, मग कोथिंबीर. म्हटलं, कागद कशाला दिलाय? ती म्हणाली, "कागदाकडे बघितलं की चाल विसरते हो." पुन्हा लावलं. मधे एकदा कोथिंबिरीशी आली, माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. जुनं हसू, घोगऱ्या आवाजातलं, नाकातून येणारं. तिच्याबरोबर नागोजीही हसायला लागला. मी म्हटलं, वेळ कमी आहे, गंभीर व्हा.

एकही गाणं धड झालं नाही. तिचा घसा दुखायला लागला तेव्हा थांबलो. एका रिळाचीच परवानगी होती. नागोजी म्हणाला, मी दुसरं मिळवतो, आजचं राहू दे. मी म्हटलं, नको, याच्यावरच पुन्हा भरू, जुनं आपोआप पुसलं जाईल. नापास माल ठेवायचा नाही ही आमची रीत आहे, आणि ती चांगली रीत आहे. नाहीतर नयना पुढे कोणतं खरं समजणार?

घरी येताना शालन गप्प होती. घसा दुखत असणार.

३ मे, बुधवार

सिलोनवर मैनेचं गाणं लागलं. मी शालनला म्हटलं, लक्ष देऊन ऐक, गाणारी काय म्हणते ते. तिने ऐकलं. म्हणाली, "तिचं तिच्यापाशी बरोबर आहे." अंबूबाई आज लवकर घरी गेल्या. घरात रोज सराव चालला आहे. नैया, कोई अब भी, लौट आएँगे. नयना चोपडीतून आईला तपासते. शालन हुशार आहे, भराभर सुधारते आहे. मात्र बोलायचा आवाज दिवसेंदिवस जातो आहे. म्हणून घाई.

७ मे, रविवार

झालं. तिन्ही गाणी झाली, एक चूक नाही.

आज तिने कागद घट्ट धरला होता आणि शब्द एकेक करून म्हणत होती. कुठे हसली नाही, चुकली की आपणहून थांबायची. नागोजीला आज काम होतं, यंत्र मीच चालवलं. मागच्या रविवारच्या चुकांवरच हे भरलं, त्यामुळे आता रिळावर फक्त पास झालेला माल आहे. उरलेल्या भागात जुनं काहीतरी होतं, हसण्याबिसण्याचं. तेही पुसून टाकलं, उगाच नंतर घोटाळा नको. शेवटच्या गाण्याला तर आवाज जवळजवळ नव्हताच, पण शब्द स्वच्छ.

मला आज किती बरं वाटतं आहे. एवढं संकट आलं, पण एक गोष्ट मी व्यवस्थित केली. शालनला म्हटलं, आता तुझा आवाज कुठे जात नाही. तिने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "तुमचं समाधान झालं ना? मग झालं."

१४ मे, रविवार

उद्या भरती व्हायचं. दिवसभर आवराआवर केली. नयनाला अंबूबाईंकडे ठेवायचं, तिचे कपडे, दप्तर. संध्याकाळी शालन मागच्या अंगणात नयनाची वेणी घालत होती. मी आत बिछाना बांधत होतो. दोरी हातातून सुटत होती, मन जागेवर नव्हतं.

तेवढ्यात ऐकलं, ती गाते आहे. आवाज कसला, नुसती हवा. पण चाल ओळखू येत होती. आणि मग कोथिंबीर. मी आतूनच म्हटलं, "कोई अब भी." मुद्दाम नाही म्हटलं, सवयीने निघून गेलं.

ती थांबली. मला वाटलं दुरुस्त करून पुढे म्हणेल. तिने वेणी घातली, रिबिनीचं फूल बांधलं, आणि आत येऊन दिवा लावला. नंतर गायली नाही. बोलली तेवढंच, दुधाचं भांडं कुठे ठेवलंय ते.

१६ मे, मंगळवार

ऑपरेशन झालं. जिवंत आहे.

११ जून, रविवार

काल शालन घरी आली. गळ्याला पांढरं पातळ फडकं बांधलेलं असतं, श्वासाबरोबर ते हलतं. नयना पहिल्यांदा अंबूबाईंच्या मागे लपली. मग शालनने हात पसरले तशी धावत गेली.

बोलायला पाटी आहे. बुधवारच्या गाण्यांची तीच पाटी. तिचे ओठ हलतात, पण मला समजत नाही काय म्हणते ते. नयनाला समजतं, अंबूबाईंना समजतं. मला लिहूनच दाखवावं लागतं. घर इतकं गप्प आहे की घड्याळ नको वाटतं. पोह्यांवर कोथिंबीर चिरताना सुरीचा आवाज येतो. तो मी पूर्वी कधीच ऐकला नव्हता.

२ जुलै, रविवार

नागोजीने यंत्र घरी आणून दिलं, आठवडाभर ठेवायला. शालन अंबूबाईंबरोबर देवळात गेली होती. मी नयनाला समोर बसवलं. म्हटलं, आता गंमत ऐक. रीळ लावलं.

साँझ की नैया, धीरे चल. स्वच्छ शब्द. नयना शांत बसून ऐकत होती. गाणं संपल्यावर तिने विचारलं, "बाबा, ही कोण बाई?"

मी म्हटलं, अगं आई आहे. ती म्हणाली, नाही, आई अशी म्हणत नाही. मी पुन्हा लावलं. नीट ऐक म्हटलं. ती म्हणाली, ही बाई शाळेत उभी केल्यासारखी म्हणते. आईचं लाव ना बाबा, आईचं कोथिंबिरीचं लाव. मी म्हटलं तसलं नाहीये यात. "मग ते कुठे ठेवलंस?"

मी तिच्यावर ओरडलो. तिला दोन वेळा चूक म्हणालो. ती रडत अंबूबाईंच्या पायरीवर जाऊन बसली. तिचं काय चुकलं होतं?

४ जुलै, मंगळवार

रजा काढली. शालन झोपलेली असताना दुपारी अख्खं रीळ ऐकलं. एका बाजूने, उलटं करून दुसऱ्या बाजूने. गाण्यांच्या आधी, गाण्यांच्या मधे, शेवटी. कुठेतरी मागच्या वेळचं थोडं राहिलं असेल, एखादी ओळ, ते हसणं तरी. यंत्राचा कान माझ्या कानापेक्षा बरा, काही धरून ठेवलं असेल.

काही नाही. नुसती खरखर. मी काम चोख केलं होतं. एके ठिकाणी मात्र माणसाचा आवाज सापडला. माझा. "थांब. पुन्हा." एवढंच.

अकरा वर्षं ती बाई माझ्या घरात गात होती. सकाळी, दुपारी, भांडी घासताना, पोरीला न्हाऊ घालताना. त्यातलं मी काय ठेवलं, तर माझं हे बोलणं. इतका मूर्ख माणूस या कारखान्यात दुसरा नसेल.

१२ जुलै, बुधवार

अंबूबाई पाटी घेऊन आल्या. म्हणाल्या, आज बुधवार, रेडिओ लावा की. मे महिन्यापासून लावलाच नव्हता. शालनने मान हलवली, लावा. तिसरी ओळ नेहमीप्रमाणे अंबूबाईंची, दुसरी नयनाची. पहिली शालनने लिहिली. गाणं जोडून झाल्यावर नयनाने म्हणून दाखवलं. चुका पाच-सहा असतील. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलो होतो. नयना म्हणता म्हणता थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी काहीच म्हटलं नाही. तरी तिने ती ओळ खालच्या आवाजात उरकली. पोरगीसुद्धा मला भ्यायला शिकली आहे.

२० ऑगस्ट, रविवार

यंत्र मी परत दिलं होतं. शालनने गेल्या आठवड्यात पाटीवर लिहिलं, "माझं गाणं मला नाही ऐकवलंत." मी म्हटलं, यंत्र नाही आता. तिने लिहिलं, "नागोजींकडून आणा." नयनाने तिला सांगितलं असावं, बाबांनी ऐकवलं आणि मग ओरडले. आज आणलं.

मी तिला आधीच सगळं सांगून टाकलं. की यात तुझं काही नाही. तुझं होतं ते मी पुसलं. माझ्या हाताने पुसलं, आणि त्या दिवशी मला बरंही वाटलं. मला माफ कर, असं म्हणालो. लग्नानंतर हा शब्द मी तिला पहिल्यांदाच म्हटला असेन. तिने पाटी उचलली, काहीतरी लिहायला घेतलं, पुसलं, आणि खडूने यंत्राकडे खूण केली, लावा.

लावलं. तीच शाळेतली बाई उभी राहून म्हणायला लागली. शालन चटईवर भिंतीला टेकून ऐकत होती. नयना तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. थोड्या वेळाने बघतो तर शालनचे ओठ हलायला लागले होते. गाण्याबरोबर म्हणत होती. गळ्यावरचं फडकं आत-बाहेर होत होतं.

मला ओठांवरचं वाचता येत नाही असं मी लिहिलं आहे. आज आलं. रिळातली बाई नैया म्हणाली तेव्हा शालनचे ओठ मिटून उघडले. मैना. मग मी बघतच राहिलो. रिळातली बाई कोई अब भी म्हणत होती, आणि शालनचे ओठ गोल झाले, जीभ दातांशी गेली, पुन्हा ओठ मिटले. कोथिंबीर. खालून नयना तिच्या तोंडाकडे बघून हसत होती. मग तिनेही ओठ हलवायला सुरुवात केली, आवाज न काढता, आईसारखे.

रिळातल्या बाईचे बरोबर शब्द त्या दोघींच्या मधे येत होते. मी उठून यंत्र बंद केलं.

मला वाटलं शालन थांबेल. थांबली नाही. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त फडक्यातून जाणारा-येणारा श्वास. ती पुढचं कडवं म्हणत होती. त्यात काय काय चुका होत्या देव जाणे, वरची पट्टी आली तेव्हा तिने भुवया वर नेल्या, पूर्वी न्यायची तशा, आणि ती पट्टी गाळली नाही. मी यंत्रापाशी तसाच उभा होतो. रडू येत होतं, पण रडलो तर डोळे भरतील आणि ओठ दिसणार नाहीत म्हणून रडलो नाही.

तिने गाणं शेवटपर्यंत म्हटलं. मी मधे बोललो नाही.